लाखेचा हात

जुन्या लाकडी सामानाविषयी लिहिणारे लाकडाविषयी लिहितात, कोरीव कामाविषयी लिहितात, त्या खुर्चीवर कोण थोर पुरुष बसला होता याविषयी लिहितात. त्या लाकडावरच्या झिलईविषयी मात्र क्वचितच कोणी चार ओळी खर्च करतो. वस्तुतः आजोबांच्या आरामखुर्चीच्या हातावरून किंवा चर्चमधील जुन्या बाकाच्या पाठीवरून आपण हात फिरवतो, तेव्हा आपल्या बोटांना प्रथम भेटते ती ही झिलईच. एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडे घडलेल्या चांगल्या सामानावर ती बहुधा लाखेची असे. आणि महाराष्ट्रात लाखेचे मूळ शोधू गेल्यास वाट पूर्वेकडे, झाडीपट्टीत, गोंदिया जिल्ह्यात जाते.

आज ठिकठिकाणी जुने सामान ‘नवे’ करण्याची लाट आली आहे. ती पाहता या विसरलेल्या थराचा इतिहास सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. जुनी वस्तू दुरुस्त करणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या थरातच दडलेले आहे.

झाडीपट्टीतील पळस

गोंदिया हा जिल्हा म्हणून तरुण आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. भूमी म्हणून मात्र तो फार जुना आहे. वैनगंगेचे खोरे, कोहळी समाजाने बांधलेले तलाव, नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय, नागझिऱ्याचे अरण्य, सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहा ही या प्रदेशाची ओळख. अरण्यात साग आहे, बिजा आहे, ऐन, हळदू, शिवण आहे. शेताच्या बांधावर, माळावर आणि गावठाणाच्या कडेला पळस उभा असतो. फाल्गुनात तो पेटल्यासारखा फुलतो, हे आपण कवितांतून वाचतो. त्याच्या पानांच्या पत्रावळी होतात, हेही आपणांस ठाऊक असते. त्याच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे पीक निघते, ही गोष्ट मात्र कोकणपट्टीत व घाटावर थोड्यांनाच माहीत असते.

गोंदिया या नावाविषयी असे सांगतात की, गोंड लोक रानातून गोळा केलेला डिंक, म्हणजे ‘गोंद’, आणि लाख येथे विकावयास आणीत व त्यावरून हे नाव पडले. ही व्युत्पत्ती निर्णायक मानण्याचा आमचा आग्रह नाही. परंतु गावाच्या नावाची कथा सांगताना लोकांना डिंक व लाख आठवावी, यातच त्या बाजाराचे महत्त्व दिसून येते. १८८० च्या दशकात नागपूर–छत्तीसगड लोहमार्ग या भागातून गेला आणि पुढे तो बंगाल नागपूर रेल्वेकडे आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून जबलपूरकडे सातपुड्यातून अडीच फुटी अरुंद मार्ग निघाला. रानातला माल गावात, गावातला माल कलकत्त्याच्या बंदरात आणि तेथून जगात जाण्याची वाट अशी मोकळी झाली. धान, तेंदूपाने, इमारती लाकूड यांच्या बरोबरीने लाखही त्या वाटेने जाऊ लागली आणि लाख शुद्ध करणारे कारखाने गोंदियास निघाले.

किड्याची शेती

लाख हा झाडाचा चीक नव्हे. लाखेचा किडा, शास्त्रीय भाषेत ‘केरिया लॅका’, फांदीच्या कोवळ्या सालीत आपली सोंड खुपसतो, झाडाचा रस शोषतो आणि स्वतःच्या संरक्षणासाठी अंगातून राळ पाझरवतो. पिले जेमतेम डोळ्यांस दिसतील एवढी, तांबूस रंगाची असतात. ती बाहेर पडली की फांदीवर सरकत जातात आणि मुंगी मध्ये शिरणार नाही इतक्या दाटीने एकमेकांना खेटून बसतात. मादी एकदा बसली की पुन्हा जागची हलत नाही. हजारो किड्यांची राळ एकमेकांत मिसळून फांदीभोवती खडबडीत कवच तयार होते, तीच कच्ची लाख. किलोभर लाखेसाठी सुमारे ३ लाख किडे खपतात, असे या विषयातील जाणकार सांगतात.

लाखेच्या किड्याचे आपल्याकडे दोन मुख्य प्रकार आहेत. रंगीनी लाख प्रामुख्याने पळस व बोरीवर वाढते. कुसमी लाख प्रामुख्याने कुसुमाच्या झाडावर. दोहोंचीही वर्षाला दोन पिके निघतात. रंगीनीच्या पिकांना बैसाखी व कातकी, तर कुसमीच्या पिकांना जेठवी व अगहनी म्हणतात. पिकांची नावे महिन्यांवरून पडलेली असून त्यांतच शेतकऱ्याचे पंचांग सामावले आहे. प्रथम झाडाची छाटणी करावी लागते, कारण किडा जून फांदीवर बसत नाही. नवी फूट आली की पिले बाहेर पडण्याच्या बेतात असलेली लाखेची काडी त्या फांदीस बांधतात. पुढे उन्हाची तिरीप, अवेळी पाऊस, धुके, लाख खाणाऱ्या अळ्या या साऱ्यांतून जे वाचेल ते पीक. जमिनीचा तुकडा लहान असला तरी बांधावरच्या पळसांनी हाती चार पैसे यावेत, अशी ही शेती आहे. पळस जिवंत राहिला तरच लाख मिळते; त्यामुळे ही शेती करणारा माणूस पळसावर कुऱ्हाड चालवीत नाही.

काडीवरून खरवडलेली लाख दळतात, धुतात व वाळवतात, तेव्हा तिचे दाणे होतात. या दाण्यांपासून ‘चपडा’ करण्याची जुनी रीत पाहण्यासारखी होती. लांबच लांब अरुंद कापडी पिशवीत दाणे भरून ती कोळशाच्या भट्टीसमोर धरावयाची व एका टोकाने पिळत जावयाचे. वितळलेली लाख कापडातून झिरपते. ती गरम पाणी भरलेल्या नळकांड्यावर पसरून तिचा पापुद्रा केला जाई. मग कारागीर तो पापुद्रा उचलून, हातांनी, पायांनी आणि प्रसंगी दातांनी धरून चारी बाजूंनी ताणीत असे; इतका की त्यातून पलीकडचे दिसावे. थंड झालेला हा पत्रा मोडला की पिवळसर, तांबूस, मधाच्या रंगाचे पातळ तुकडे होत. हाच चपडा पोत्यांत भरून लंडन व न्यूयॉर्कपर्यंत जाई. विलायतेतील दिवाणखान्यात चकाकणाऱ्या टेबलामागे भट्टीच्या धगीत उभ्या राहिलेल्या एका मनुष्याचे ताणलेले शरीर होते, हे त्या टेबलाच्या धन्यास कधी कळले असेल, असे वाटत नाही.

लाल रंगापासून झिलईपर्यंत

लाखेची ओळख भारतास फार प्राचीन. अथर्ववेदात लाक्षेला उद्देशून सूक्त आहे. तेथे ती जखम भरून काढणारी वनस्पती म्हणून येते. महाभारतातील लाक्षागृहाची कथा तर सर्वश्रुत आहे. लाख किती सहज पेट घेते, याचे ज्ञान त्या कथेच्या मुळाशी आहे.

युरोपीय लेखकांपैकी लाखेविषयी सविस्तर लिहिणाऱ्या आरंभीच्या दोघांचा आपल्या किनाऱ्याशी निकटचा संबंध होता. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्या ग्रंथात लाखेवर स्वतंत्र प्रकरण आहे. दुसरा यान हाउखेन फान लिन्सखोटेन. हा डच तरुण १५८३ पासून गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस होता. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने येथील कारागीर पलंग, खुर्च्या व इतर लाकडी वस्तूंना रंगीत लाख कशी चढवतात व त्यांना कशी चकाकी येते, याचे वर्णन केले आहे. लाकूड चरकावर फिरवावयाचे आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबावयाची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गुजरातेतील संखेड्याचे पाळणे व झोपाळे आपण पाहिले असतील, तर ही रीत आपल्या परिचयाची आहे.

लाख हा किड्याचा स्राव आहे, ही गोष्ट युरोपास स्पष्ट होण्यास वेळ लागला. येशूसंघीय मिशनरी फादर गी ताशार यांनी १७०९ मध्ये भारतातून याविषयी माहिती कळवली. १७८१ मध्ये जेम्स कर यांनी या किड्याचे शास्त्रीय वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत प्रसिद्ध केले.

या सर्व काळात लाखेची मोठी किंमत होती ती तिच्यातील लाल रंगामुळे. लाख धुताना निघणाऱ्या पाण्यात हा रंग उतरतो. कापड रंगविण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने त्याचा मोठा व्यापार केला. १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग निघाला आणि पुढील काही दशकांत लाखेचा रंग बाजारातून उठला. जे पाणी सोन्याच्या भावाने विकले जाई ते नाल्यात सोडावे लागले. तोवर लाखेला दुसरा आधार मिळाला होता, आणि तो होता लाकडी सामानाचा.

पाटावरून खुर्चीवर

मराठी घरात पूर्वी सामान थोडे असे. पाट, चौरंग, बाज, पेटारा, भिंतीतले फडताळ, श्रीमंताघरी झोपाळा. बसणे भूमीवर, निजणे भूमीवर. खुर्ची हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला, ‘अलमारी’ हा पोर्तुगीज ‘आर्मारियू’चा अवतार, टेबल इंग्रजांचे. नावे जशी आली तशा वस्तूही आल्या, आणि एतद्देशीय सुताराने त्या आपल्या वाकस-पटाशीने येथल्या लाकडात उतरवल्या. गोवा व वसईच्या बाजूस हे आधी घडले. १५३४ ते १७३९ या काळात वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. चर्च व मठ यांना वेद्या, व्यासपीठे, पापनिवेदनाची आसने, पवित्र वस्त्रे ठेवण्याचे रुंद खणांचे मेज असे सामान लागे. ते बहुतांशी येथील कारागिरांनीच घडवले. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडाचे घनदाट कोरीव सामान होऊ लागले आणि ते परदेशीही गेले. त्याच काळात कचेऱ्या, शाळा, रेल्वेची प्रतीक्षालये, वनखात्याची विश्रामगृहे यांच्याकरिता साधे, भक्कम सागवानी सामान सर्वत्र तयार झाले. लांब हातांची, वेताने विणलेली आरामखुर्ची ही याच काळाची देणगी.

साधारणतः १८२० च्या सुमारास युरोपात ‘फ्रेंच पॉलिश’ नावाने ओळखली जाणारी रीत रूढ झाली. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवावयाचा, कापसाची गुंडी मऊ फडक्यात बांधून त्यात भिजवावयाची आणि लाकडावर गोल गोल, न थांबता, फिरवीत जावयाचे. स्पिरिट उडून जाते. लाखेचा केसाहूनही बारीक थर मागे राहतो. एक थर वाळला की दुसरा, त्यावर तिसरा. असे कित्येक ‘हात’ दिल्यावर लाकूड आतून उजळल्यासारखे दिसू लागते. इंग्रजी अमदानीत ही रीत भारतात आली आणि आपल्या पॉलिशवाल्यांच्या हाती स्थिरावली. म्हणजे गोंदियाच्या पळसावरची लाख कलकत्त्याहून विलायतेस गेली आणि तिचा वापर करण्याची तेथील रीत आपल्या घरांत परत आली.

पडझड

विसाव्या शतकाच्या आरंभी लाखेला सुवर्णकाळ होता. ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणातून होत. विजेच्या उपकरणांस ती लागे. मोहोर करण्यास, टोप्या ताठ करण्यास, पॉलिशला ती लागे. लाख पिकवणारा मुख्य देश भारत होता. तरीही भाव मात्र परदेशी बाजार आणि कलकत्त्याचे सट्टेबाज ठरवीत. भाव चढला तरी रानातल्या माणसाच्या हाती त्यातला थोडाच अंश येई, आणि भाव कोसळला की झाडावरचे पीक खरवडणेही परवडत नसे. या धंद्याचा शास्त्रीय पाया घालण्यासाठी १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे संशोधनसंस्था उभी राहिली. ती आजही, नाव व कार्यक्षेत्र बदलून, काम करीत आहे.

परंतु त्याच सुमारास कृत्रिम राळांचे युग सुरू झाले होते. १९२० च्या दशकात सेल्युलोजपासून केलेले, फवाऱ्याने मारता येणारे व झटपट वाळणारे वार्निश बाजारात आले. १९४८ मध्ये विनाइलच्या तबकड्या आल्या आणि पुढील काही वर्षांत लाखेची तबकडी मागे पडली. नंतर पॉलियुरेथेन आले. मोटारीच्या टपाप्रमाणे काचेसारखी कठीण चकाकी लाकडावर एका दिवसात मिळू लागली. तासन्तास गुंडी फिरवणाऱ्या पॉलिशवाल्याची मजुरी गिऱ्हाइकास डोईजड वाटू लागली. मागणी घटली तसे कारखाने मंदावले आणि बांधावरचे पळस पुन्हा केवळ पत्रावळीचे झाड उरले.

लाख संपली असे नव्हे. औषधी गोळ्यांवरचे वेष्टण, मिठाईची व फळांची चकाकी यांसाठी तिला आजही मागणी आहे, आणि गोंदिया जिल्ह्यात लाखेची शेती आजही होते. परंतु लाकडी सामान आणि लाख यांचे नाते तुटत गेले, आणि त्याची झळ रान व घर या दोहोंनाही पोहोचली.

दुरुस्ती म्हणजे काय

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरातील खुर्ची, पलंग, देव्हारा वा चर्चमधील बाक जुना झाला. त्याचा रंग काळवंडला, सांधे हलू लागले, एका पायास कीड लागली. अशा वेळी आज सर्वत्र एकच उपाय सांगितला जातो : घासून काढा आणि नवे करा. यंत्राने लाकूड पांढरे फटफटीत होईपर्यंत घासतात, सांध्यांत कृत्रिम गोंद ओततात, फटी लांबीने बुजवतात आणि वरून पॉलियुरेथेनचा जाड थर देतात. वस्तू चकचकीत होते. घरचे लोक आनंदित होतात. मात्र शंभर वर्षांच्या स्पर्शाने आलेला रंग, कडांची गोलाई, सुताराच्या रंध्याच्या खुणा, सारे काही भुशाबरोबर केरात गेलेले असते.

हा वाद नवा नाही. १८७७ मध्ये लंडनमध्ये विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक मंडळ स्थापन केले. त्या काळी जुन्या चर्चच्या भिंती खरवडून त्यांना ‘मूळचे’ रूप देण्याचा सपाटा चालला होता. त्यास विरोध करणारे हे मंडळ ‘खरवडविरोधी’ या टोपणनावानेही ओळखले गेले. १९६४ मध्ये व्हेनिस येथे वास्तुसंवर्धनाची जी सनद संमत झाली, तिने दोन तत्त्वे स्पष्ट केली. जेथे तर्क करावा लागतो तेथे पुनरुद्धाराने थांबावे. आणि जेथे नवा भाग घालावा लागतो तेथे तो जुन्याशी विसंगत नसावा, पण जुना म्हणून फसवणाराही नसावा. पुढील काळात संग्रहालयांतून आणखी एक तत्त्व रुजले. आपण केलेली दुरुस्ती पुढील माणसास, मूळ वस्तूला धक्का न लावता, काढून टाकता आली पाहिजे.

हे तिसरे तत्त्व आपल्या जुन्या कारागिरांनी कोणत्याही सनदेत वाचले नव्हते. ते त्यांच्या साधनांतच होते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ती वाळल्यावरही, पन्नास वर्षांनीही, पुन्हा विरघळते. म्हणून लाखेच्या जुन्या थरावर नवा हात दिला की तो जुन्यात मिसळून एक होतो. ओरखडा पडला तर तेवढीच जागा बुजवता येते. सगळा पृष्ठभाग सोलावा लागत नाही. सुतार सांधा जोडण्यास जो सरस वापरी तो जनावरांच्या कातड्याचा व हाडांचा. तो उष्णतेने आणि पाण्याने सुटतो. एका लाकडास चौकोनी भोक पाडून दुसऱ्याचे कुसू त्यात बसवावयाचे आणि लाकडाचीच खुंटी ठोकावयाची, हा जोडही खुंटी काढताच मोकळा होतो. जणू वस्तू घडवणाऱ्याने ती दुरुस्त करणाऱ्यासाठी दार उघडे ठेवले होते. पॉलियुरेथेन व कृत्रिम गोंद हे दार बंद करतात. पॉलियुरेथेनचा थर एकदा वाळला की स्पिरिटला दाद देत नाही. तो काढावयाचा तर पुन्हा लाकूडच घासावे लागते, आणि दर घासणीत लाकूड थोडे थोडे मरते.

म्हणून जुन्या वस्तूस हात लावण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. प्रथम झिलई कसली आहे ते पाहावे. खालच्या, नजरेआडच्या जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा काही क्षण धरावा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्यास तपकिरी रंग लागला तर बहुधा लाख आहे. मग केवळ सफाई करून पाहावी. मऊ फडके किंचित ओले करून, लगेच कोरडे पुसून, वर्षांची काजळी व मेण काढले की पुष्कळदा आतली झिलई शाबूत निघते. ती तडकली असेल तर अगदी थोड्या स्पिरिटने जुनी लाखच पुन्हा जुळवून आणता येते. एवढ्यानेही भागले नाही तरच नवा हात द्यावा. त्यासाठी चपडा ताजा भिजवावा. बरेच महिने पडून राहिलेले मिश्रण नीट वाळत नाही. काम हवेशीर जागी, आगीपासून दूर करावे. बाजारातील स्पिरिट विषारी असते व त्याची वाफही चटकन पेट घेते.

सांधा ढिला झाला असेल तर खिळा ठोकू नये. खिळ्याने लाकूड फाटते, आणि लोखंड गंजले की सभोवतालचे लाकूड काळे पडून ठिसूळ होते. सांधा सोडवून, जुना सरस धुऊन, पुन्हा सरसानेच जोडावा. कीड बहुधा सागाच्या बाहेरच्या पांढरट लाकडात शिरते. आतला पिवळा-तपकिरी गाभा तिला सहसा नमत नाही. तेव्हा पोखरलेला तेवढाच भाग काढून त्याच जातीच्या लाकडाचा, रेषा जुळणारा तुकडा बसवावा. काय केले, केव्हा केले, हे एका कागदावर लिहून खणाच्या आत चिकटवावे. आपल्या नातवंडांस तो कागद उपयोगी पडेल.

लाखेची मर्यादाही येथे सांगितली पाहिजे. गरम कप ठेवला की लाखेवर पांढरे वर्तुळ उमटते. पाणी साचले की ती ढगाळते. मद्य सांडले तर ती विरघळते. जेवणाच्या टेबलास, उंबरठ्यास, पावसाच्या माऱ्यातल्या दरवाजास ती योग्य नाही. नव्या, रोजच्या वापराच्या सामानास कोणी आधुनिक वार्निश लावले तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. हातावर पोट असलेल्या कुटुंबाने मोडक्या पलंगास खिळा ठोकून वेळ निभावली, तर त्यास संवर्धनाचे धडे देणेही आम्हांस शोभणार नाही. आमचे म्हणणे आहे ते ज्यांच्याकडे जुने, मोलाचे सामान आहे, ते दुरुस्त करण्याची ऐपतही आहे, आणि जे ऐपत असल्यामुळेच त्याचा नाश करीत आहेत त्यांच्याविषयी.

आपल्या चर्चच्या दारात

या संदर्भात आपल्या समाजाची जबाबदारी विशेष आहे, कारण जुने लाकडी सामान घरांपेक्षाही अधिक आपल्या चर्चमध्ये आहे. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत सुधारणा झाल्या, धर्मगुरू लोकांसन्मुख उभे राहून मिस्सा अर्पू लागले. ती सुधारणा आवश्यक व स्वागतार्ह होती. परंतु तिच्या नावाखाली जगभर अनेक ठिकाणी जुन्या लाकडी वेद्या, कठडे, व्यासपीठे काढली गेली आणि अडगळीत अथवा व्यापाऱ्यांच्या गोदामात गेली. गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालयाने या बाबतीत धडा घालून दिला आहे. १९९४ मध्ये राशोल सेमिनरीत सुरू झालेले हे संग्रहालय २००२ मध्ये जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आले आणि व्यापक नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले. वापरातून गेलेल्या वस्तूस सन्मानाने ठेवता येते, हे तेथे दिसते.

प्रत्येक धर्मग्रामास संग्रहालय उभारता येणार नाही. तथापि एक वही ठेवणे कोणासही अशक्य नाही. आपल्या चर्चमधील जुन्या बाकांची, कपाटांची, पापनिवेदनाच्या आसनाची त्या वहीत नोंद व्हावी. प्रत्येकाचे छायाचित्र, मापे, लाकडाची जात, कोणी अर्पण केले असल्यास त्याचे साल असे सारे तीत असावे. सणापूर्वी ‘सगळे चकचकीत करून टाकू’ असा ठराव समितीत आला, की कोणीतरी उठून विचारावे : हे काढल्यावर परत आणता येईल काय? आणि कामाचे पैसे ठरवताना, यंत्राने एका दिवसात होणाऱ्या कामाचा दर लावून गुंडी फिरवणाऱ्या कारागिराची मजुरी तोलू नये. त्याला काम मिळाले नाही तर त्याचा मुलगा हे काम शिकणार नाही, आणि मग पैसे असूनही हात मिळणार नाही.

गोंदियाच्या शेतकऱ्याचेही असेच आहे. बांधावरच्या पळसास लाखेमुळे मोल आहे, तोवर तो पळस उभा राहतो. घरोघरच्या जुन्या खुर्च्यांनी गोंदियाची बाजारपेठ तरणार नाही, हे आम्ही जाणतो. तिला औषधांच्या व खाद्यपदार्थांच्या कारखान्यांचा आधार अधिक आहे. परंतु एखादी वस्तू कोठून आली हे ठाऊक असणे, हाही तिच्या दुरुस्तीचाच भाग होय. नाझरेथच्या सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूला मानणाऱ्या समाजाने लाकूड घडवणाऱ्या, त्यास जपणाऱ्या आणि त्यावरची लाख पिकवणाऱ्या हातांची आठवण ठेवली, तर त्यात जगावेगळे काही होणार नाही. येत्या उन्हाळ्यात घरातली जुनी खुर्ची दुरुस्तीस काढाल, तेव्हा घासकागद आणण्यापूर्वी कापसाचा एक बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पाहावा, एवढीच वाचकांस विनंती.